मानशीचं दार

सकाळी, चहाच्या आधी,
बाबा वजनकाट्यावर उभे राहतात
भिंतीला एक बोट टेकून.
"बोट काढा."
काढतात. बासष्ट पूर्णांक चार.
मी लिहिते त्याच वहीत
जिच्यात पूर्वी मिठाची पोती लिहायचो:
आगरवाड्याची आमची तीन मिठागरं,
कोणी किती नेलं, कोणी किती बुडवलं.

कळलं उशिराच.
दोन वर्षांमागे, शिगम्यानंतर, छातीत जळजळलं होतं.
सोडा पिऊन ते परत मेरेवर गेले,
उन्हं उतरेपर्यंत मीठ ओढलं.
डॉक्टर फुर्तादो आता सांगतात, तो गॅस नव्हता.
हृदयाचा एक तुकडा त्याच दुपारी सुकला
आणि उरलेल्यानं त्याचंही काम उचललं,
कुणाला न सांगता,
आमच्या घरात सगळेच उचलतात तसं.

मग रात्रीचा खोकला.
एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन.
दोन वाजता खिडकीचे गज धरून बसलेले,
"वारोच नाय गो."
बाहेर माड नुसते झोडपत होते एकमेकांना.
चपलेत पाऊल शिरेना.
आईनं नडगीवर अंगठा दाबला,
खळगा तसाच राहिला,
आगराच्या ओल्या चिखलात राहतो तसा.
तिनं हात पदराला पुसला. हाताला काहीच लागलं नव्हतं.

बांबोळीला पडद्यावर दिसलं:
करडं काहीतरी, उघडमीट करणारं,
मिटताना जरा आळसावलेलं.
"तीस टक्के," डॉक्टर म्हणाले.
"हार्ट फेल्युअर म्हणजे बंद पडणं नव्हे.
पुढे ढकलायचं तेवढं ढकललं जात नाही,
मग मागे तुंबतं. फुप्फुसात, पायांत."
मी पेन शोधत होते.
बाबा म्हणाले, "म्हणजे मानस गळता."

डॉक्टर मडगावचे, त्यांना सांगावं लागलं:
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीचं पाणी रेटतं तेव्हा मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
चाळीस वर्षं बाबांनी राखलं.
फळी कुजली की खाडी आत येते
आणि सुकती लागली तरी शेतात पाणी उभंच.
"दार बदलून मिळता?"
डॉक्टर थोडं थांबले.
"दार बरं आहे, सगुणबाब. ढकलणारा दमलाय.
त्याचं ओझं कमी करू."

तर आता सकाळी दोन गोळ्या, रात्री दीड,
आणि एक पाण्याची,
जिच्या धाकानं ते म्हापशाच्या बसमध्ये चढत नाहीत.
पाणी दीड लिटर. निळ्या बाटलीवर मी रेघा मारल्यात.
सुकं बंद, पापड बंद,
तोरांची बरणी शेजारी फिलोमेनकडे गेली.
देताना आईनं झाकण दोनदा घट्ट केलं.
पहिल्या अळणी पेजेत बघून बाबा म्हणाले,
"ह्या खंयच्या आगरातला पाणी?"

एकदा तीन दिवसांत वही चढली:
बासष्ट सहा, त्रेसष्ट दोन, चौसष्ट सात.
"काटो बिघडलो."
मी चढून पाहिलं. काटा ठीक होता, मीच वाढले होते.
फोन केला, पाण्याची गोळी वाढवली,
मग मावळणीकडच्या जेवणाचं निघालं.
खारा बांगडा. एक, बाबा म्हणाले.
तीन, मावळण म्हणाली.

काल अवसेचं उधाण.
बांधापर्यंत चाललो, वाटेत तीनदा बसून.
पूर्वी ही वाट ते विडी संपायच्या आत करायचे.
आता मानस चुलतभावाचा उल्हास बघतो.
बाबा दगडावरून ओरडत नव्हते,
ओरडायला श्वास लागतो,
नुसतं बोट हलवून सांगत होते: सैल. अजून सैल.
पाणी चढलं, दार मिटलं.
त्यांनी फळीला तळवा लावला, बराच वेळ.
"गळता इल्लें," म्हणाले, "पण रात काढीत."

मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून,
"किती उरलां?"
दोन रेघा, मी म्हटलं.
एक ते प्यायले.